किशोर-कादंबऱ्यांतले विवाहबाह्य संबंध : सहानुभूती कोणाला आणि किती?

लिंबोळी (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार. मी नागपुरातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि गेली सहा वर्षे आमच्या वसाहतीच्या समाजमंदिरात दर रविवारी १३ ते १७ वयाच्या मुलामुलींचे वाचनमंडळ चालवते. एप्रिल लागला की इथे नऊनंतरचे ऊन सोसवत नाही, म्हणून आम्ही सकाळी सातलाच बसतो. मुले बहुतेक इंग्रजी माध्यमातली असल्यामुळे वाचन पुष्कळदा इंग्रजीत होते, बोलणे मात्र मराठीतच.

गेल्या महिन्यात आम्ही जॅन्डी नेल्सन यांची 'आय विल गिव्ह यू द सन' ही २०१४ साली आलेली आणि २०१५चा प्रिन्ट्झ पुरस्कार मिळालेली अमेरिकन किशोर-कादंबरी वाचली. नोआ आणि ज्यूड ही जुळी भावंडे आळीपाळीने गोष्ट सांगतात. नोआचा भाग तेरा-चौदाव्या वर्षीचा आहे आणि ज्यूडचा सोळाव्या. मधल्या काळात त्यांची आई अपघातात गेलेली असते. तिचे एका शिल्पकारावर प्रेम होते हे नोआला ठाऊक असते, आणि ज्यूड काहीही माहीत नसताना त्याच शिल्पकाराकडे काम शिकायला जाते. लेखिकेने त्या आईला वाईट बाई म्हणून रंगवलेले नाही, त्या शिल्पकारालाही नाही.

चर्चेत एक पंधरा वर्षांची मुलगी म्हणाली, "मला आईला दोष देताच येत नाही, कारण ती इतकी जिवंत वाटते." त्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. एका चौदा वर्षांच्या मुलाने पुस्तक मिटले, काही न बोलता पिशवीत टाकले आणि तो निघून गेला. त्यानंतरच्या तीन रविवारी तो आलेला नाही. दुसऱ्याच दिवशी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एका पालकांनी लिहिले की नवरा असताना दुसऱ्या पुरुषावर प्रेम करणारी बाई चांगली असू शकते, हे मुलांना शिकवण्याचे काम ग्रंथपालांचे नाही.

मी तो संदेश बऱ्याच वेळा वाचला. त्यात राग असला तरी प्रश्न खरा आहे. मला स्वतःला काय वाटते ते आधीच सांगते. चूक करणाऱ्या माणसाविषयी माया वाटायला लावणाऱ्या पुस्तकाबद्दल माझी तक्रार नाही. फसवल्या गेलेल्या माणसाला त्याच पुस्तकात किती पाने मिळाली, हे मी मोजते. पण ही मोजणी मुलांना करायला कशी शिकवावी आणि ती शिकण्याआधी असे पुस्तक त्यांच्या हाती द्यावे का, याबद्दल आपले मत हवे आहे.

दोन_मुलींचा_बाप (रविवार, रात्री १०.०२)

ताई, तुमच्या कामाविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. तो संदेश माझा नाही, पण माझा असू शकला असता.

माझ्या धाकटीला नुकतेच चौदावे लागले. मोठा माणूस अशी गोष्ट वाचतो तेव्हा तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला त्याच्याजवळ स्वतःच्या संसाराची वर्षे असतात. दवाखान्यात काढलेल्या रात्री, हप्त्यांची ओढाताण, भांडण झाल्यावरही सकाळी दुसऱ्यासाठी केलेला चहा, हे सगळे त्याने पाहिलेले असते, त्यामुळे पुस्तकातली बाई कितीही मोहक असली तरी घरी राहिलेल्या नवऱ्याची आठवण त्याला आपोआप होते. चौदा वर्षांच्या मुलीचे ते पारडे रिकामे असते. तिला प्रेम हा शब्द नुकताच कळू लागलेला असतो आणि तो शब्द जिथे दिसेल तिथे ती झुकते.

दुसरे असे की या पुस्तकांतली बरीचशी गोष्ट 'मी' या तोंडाने सांगितलेली असते. जो 'मी' म्हणतो त्याच्या बाजूने वाचक उभा राहतो. ही लेखकाने न मागता मिळवलेली सवलत आहे आणि कच्च्या वयात ती फार जड पडते. पुस्तकांवर बंदी घालावी असे मी म्हणत नाही. मात्र कोणते पुस्तक कधी, याला क्रम असावा, आणि तो क्रम ठरवताना आईवडिलांना विचारावे, एवढे माझे म्हणणे आहे.

महालचा_वाचक (सोमवार, सकाळी ६.३५)

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. निवृत्तीनंतर वेळ आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

वरच्या प्रतिसादातली भीती प्रामाणिक आहे आणि जुनीही आहे. १८५७ साली फ्रान्समध्ये कादंबरीकार फ्लोबेर यांच्यावर, विवाहबाह्य संबंध ठेवणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगणाऱ्या 'मादाम बोव्हारी'बद्दल खटला भरला गेला, तेव्हा सरकारी वकील एर्नेस्त पिनार यांचा एक मोठा आक्षेप हाच होता की या बाईला दोषी ठरवू शकेल असे एकही पात्र लेखकाने पुस्तकात ठेवलेले नाही. ७ फेब्रुवारीला फ्लोबेर निर्दोष सुटले. मला पिनार यांची तक्रार चुकीची वाटते, पण तिच्यामागचे निरीक्षण बरोबर आहे. पुस्तकात न्यायाधीश बसवलेला नसला की न्याय करण्याचे काम वाचकावर येते, आणि तो वाचक लहान असला तर आपण घाबरतो.

पण त्या कादंबरीत एक मूल आहे, हे आपण विसरतो. नायिका एमाला बर्थ नावाची मुलगी आहे. एमा विष खाऊन मरते, पुढे तिचा नवरा शार्लही मरतो, आजीकडे नेलेल्या बर्थची आजीही जाते, आणि शेवटी ती पोर एका गरीब नातेवाईक बाईच्या आश्रयाला जाऊन सूतगिरणीत कामाला लागते. हे सगळे शेवटच्या पानावर दोन-तीन वाक्यांत उरकलेले आहे. टॉलस्टॉयच्या 'आना कारेनिना'मध्ये नवऱ्याला सोडून गेलेल्या आनाच्या मुलाला, सिर्योझाला, जरा जास्त जागा मिळाली. आई मेली असे त्याला सांगण्यात येते आणि आना त्याच्या वाढदिवशी भल्या सकाळी लपूनछपून त्याच्या खोलीत जाते. त्याच्यासाठी घेतलेल्या खेळण्यांचे पुडके ती घाईत सोडतच नाही, तसेच परत घेऊन येते. मी ते पान वर्गात कधी वाचून दाखवले नाही, कारण मला स्वतःलाच ते मोठ्याने वाचता येत नसे.

आता आपल्या घरातले उदाहरण घ्या. महाभारताच्या आदिपर्वात ययातीची कथा आहे. देवयानीशी लग्न झालेले असताना ययातीला शर्मिष्ठेपासून मुले होतात आणि हे मूल एका ऋषीपासून झाले, असे शर्मिष्ठा देवयानीला सांगते. गुपित उघडे कसे पडते? हेराकडून नाही, पत्रामुळे नाही. देवयानी राजाबरोबर वनात फिरत असताना तिला तीन मुलगे खेळताना दिसतात. ती त्यांना विचारते, तुमचा बाप कोण? ती मुले राजाकडे बोट दाखवतात आणि आपली आई शर्मिष्ठा असल्याचे सांगतात. मग ती बापाकडे धावत जातात, पण देवयानी समोर असल्यामुळे बाप त्यांना जवळ घेत नाही, आणि मुले रडत रडत आईकडे जातात. या तिघांतलाच एक पुरू, ज्याने पुढे बापाचे म्हातारपण स्वतःच्या अंगावर घेतले.

ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकली, शाळकरी वयात वाचली आणि कोणी म्हटले नाही की मुलांना व्यभिचार शिकवला. वि. स. खांडेकरांनी १९५९ साली 'ययाती' लिहिली तेव्हा त्यांनी दोन_मुलींचा_बाप यांच्या 'मी'बद्दलच्या आक्षेपाला एक उत्तर देऊन ठेवले आहे, असे मला वाटते. त्या कादंबरीत ययातीही 'मी' म्हणतो, देवयानीही 'मी' म्हणते आणि शर्मिष्ठाही. वाचक एकाच्या बाजूला झुकतो न झुकतो तोच पान उलटते आणि दुसरा 'मी' बोलू लागतो.

किशोर-कादंबरीने, मला तरी असे दिसते, इतकेच केले की बर्थला शेवटच्या पानावरून उचलून पहिल्या पानावर आणून बसवले. थोरांच्या कादंबरीत जे मूल दारामागे उभे असते त्याला बोलायला दिले. हे धोक्याचे कसे, हे मला अजून कळलेले नाही.

काळा_कोट (सोमवार, दुपारी २.२०)

कौटुंबिक न्यायालयात वकिली करते, म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण पालकांच्या बोलण्यात ती नेहमी अर्धवट येते.

१८६०च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ४९७नुसार व्यभिचार हा गुन्हा होता, पण तो कसा होता ते पाहा. दुसऱ्याच्या पत्नीशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरत असे. त्या पत्नीला शिक्षा नव्हती, कारण कायद्याच्या नजरेत अन्याय तिच्या नवऱ्यावर झालेला असे. नवऱ्याने एखाद्या अविवाहित किंवा विधवा स्त्रीशी संबंध ठेवला, तर त्याच्या पत्नीला या कलमाखाली काहीच करता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन प्रकरणात हे कलम रद्द केले, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते परत आलेले नाही. याचा अर्थ काही पालक समजतात तसा 'आता सगळे चालते' असा होत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाला ते कारण आहेच. १९५५च्या मूळ कायद्यात 'व्यभिचारी जीवन जगणे' सिद्ध करावे लागे, आणि १९७६च्या दुरुस्तीनंतर एकदा घडलेली गोष्टही पुरेशी ठरते.

इतका जुना आणि इतका बदललेला कायदा, पण त्यात मूल कुठे दिसते? ताबा कोणाकडे या प्रश्नात दिसते. १८९०च्या पालक आणि पाल्य अधिनियमानुसार, मूल समजून निवड करण्याइतके मोठे असेल तर न्यायालय त्याची पसंती विचारात घेऊ शकते. म्हणजे त्याला विचारले जाते ते 'तुला कोणाकडे राहायचे आहे', एवढेच. 'तुला कधीपासून माहीत होते' हे विचारण्याची जागा कायद्यात नाही, आणि माझ्या अनुभवात मुलांना बोलायचे असते ते नेमके त्याबद्दल. बाकी ती जे विचारतात ते अगदी साधे असते. ट्यूशनहून घ्यायला कोण येईल, आजीकडे दिवाळीला जायचे की नाही, आडनाव तेच राहील ना. माझ्यासमोर बसलेल्या एकाही मुलाने चूक कोणाची असे विचारल्याचे मला आठवत नाही.

म्हणून मला ही पुस्तके हवी आहेत. न्यायालयात ज्याला जागा नाही तो प्रश्न त्यांत विचारला जातो.

गोरेवाडा_सायकल (सोमवार, सायंकाळी ७.४५)

एकच शंका. फसवला गेलेला माणूस चांगला, प्रेमळ आणि हसरा असूनही त्याला फसवले गेले, अशी किशोर-कादंबरी कोणी वाचली आहे का? मी वाचलेल्यांत तो माणूस एकतर सतत कामात असतो, नाहीतर सतत चिडलेला असतो.

पळसफूल (सोमवार, रात्री ११.५०)

मी इथे प्रथमच लिहीत आहे. माझे वय २० आहे. वरचा प्रश्न वाचला आणि उत्तर देणे भाग आहे असे वाटले, म्हणून खाते उघडले.

मी नववीत होते. जुलैचा महिना होता आणि ट्यूशन लवकर सुटली, म्हणून मी मैत्रिणींबरोबर फुटाळा तलावावर गेले. तिथे बाबांची स्कूटर दिसली. बाबा एका बाईंबरोबर कठड्यावर बसून भुट्टा खात होते. दुसरे काहीच घडले नाही. पण बाबा ज्या पद्धतीने त्यांच्या भुट्ट्याला लिंबू लावून देत होते, ते पाहून मला सगळे समजले, कारण ते घरी तसेच माझ्या आईला लावून देत असत. त्यांनी मला पाहिले नाही. रात्री जेवताना ते म्हणाले की कार्यालयात उशीर झाला. आईने मला विचारले, आणखी एक पोळी वाढू का? मी हो म्हटले आणि ती पोळी मला गिळता आली नाही.

मी १४ महिने कोणाला काही सांगितले नाही. ते गुपित ठेवणे म्हणजे नुसते गप्प बसणे नव्हते, हे लोकांना कळत नाही. एकदा आईचा फोन आला की बाबांचा फोन लागत नाही, तुला घ्यायला येणार होते, आले का? मी सांगितले की हो, बाहेर उभे आहेत. मग मी प्रतापनगरपर्यंत चालत घरी गेले आणि कोपऱ्यावर थांबून राहिले, कारण बाबांच्या आधी घरात शिरले असते तर माझे खोटे उघडे पडले असते. बाबांच्या प्रत्येक खोट्याला टेकू म्हणून मला माझे एक खोटे उभे करावे लागे, आणि त्यांना हे ठाऊकही नव्हते.

त्या काळात मी शोधून शोधून अशीच पुस्तके वाचली. नावे घेत नाही. त्यांतल्या एका पुस्तकाने मला फार दुखावले. त्यातला बाप दुसऱ्या बाईकडे जातो, ती बाई गाणारी, मोकळी आणि दयाळू असते, आणि घरची आई मात्र कायम डोके दुखत असलेली, भांडी आपटणारी, मुलीला टाकून बोलणारी. पुस्तक चांगले लिहिलेले होते. पण माझी आई तशी नाही. माझी आई हसरी आहे, ती स्वयंपाक करताना रेडिओबरोबर गाते, ती माझ्या मैत्रिणींची आवडती आहे. मी ते पुस्तक मिटल्यावर दोन-तीन आठवडे आईकडे बारकाईने पाहत राहिले. हिच्यात काय कमी आहे ते मी शोधत होते. काही सापडले नाही, तेव्हा मला वाटले की मग कमी माझ्यात असणार.

म्हणून दोन_मुलींचा_बाप काका, मला तुमचे म्हणणे समजते, पण माझ्या बाबतीत इजा वेगळ्याच ठिकाणी झाली. त्या बापाविषयी मला माया वाटली म्हणून माझे काही बिघडले नाही. मला माझ्या बाबांविषयी तशीही माया होतीच, आणि ती वाटण्याची मला लाज वाटत होती. पुस्तकाने ती लाज कमी केली, हे त्याचे ऋण आहे. बिघडले ते त्या पुस्तकातल्या आईमुळे. बापाला समजून घ्यायला सोपे जावे म्हणून लेखकाने आईला वाईट केले होते.

दुसरे एक पुस्तक होते, त्यात मुलगी शेवटपर्यंत सांगत नाही. कोणी तिला शाबासकी देत नाही, कोणी रागावतही नाही. ते मी चार वेळा वाचले.

शब्दशोधक (मंगळवार, सकाळी ९.१५)

पळसफूल, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. माझा प्रतिसाद काल अर्धा लिहून झाला होता, तो तुमचे वाचल्यावर पुसून पुन्हा लिहीत आहे.

मी भाषांतराचे काम करतो आणि या विषयावरचे कोणतेही पुस्तक मराठीत आणताना पहिल्याच प्रकरणात अडतो, तो शब्दापाशी. 'व्यभिचार' म्हटले की निकाल लागलेला असतो. 'प्रतारणा' हा शब्द पंधरा वर्षांचे पात्र कधी उच्चारणार नाही. 'अफेअर' फार हलके आहे. 'लफडे' म्हटले की गल्ली ऐकू येते, आणि आपल्याकडे नागपुरात मुले 'चक्कर चालू आहे' म्हणतात, त्यात तर चूक कोणाची हे सांगावेच लागत नाही. जुन्या मराठीने बाईसाठी 'अंगवस्त्र' असा शब्द वापरला, म्हणजे पुरुषाने पांघरायची वस्तू, आणि पुरुषाला 'बाहेरख्याली' म्हटले, ज्यात नुसता नाद आहे, छंद आहे. फसवल्या गेलेल्या माणसासाठी मात्र एक सुटसुटीत नाम मला आजवर सापडलेले नाही. त्याला प्रत्येक वेळी अख्खे वाक्य लागते. ज्याला नाव नाही तो पुस्तकातही मागे राहतो, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

मोठ्यांच्या संबंधांइतकीच किशोरांची आपापसातली फसवणूकही या पुस्तकांत येते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, कारण तिथे लग्न नसते. स्टेफनी पर्किन्स यांच्या २०१०च्या 'अॅना अँड द फ्रेंच किस'मध्ये नायकाला एक मैत्रीण आधीपासून असते, एली नावाची, आणि तिच्याशी नाते चालू असतानाच तो नायिकेत गुंतत जातो. वाचक सुरुवातीपासून नायिकेच्या बाजूने असतो, आणि त्याचे एक कारण असे की एली आपल्यासमोर फारशी येतच नाही. ती कधी हसते, तिला कशाची भीती वाटते, हे ठाऊक नसल्यामुळे तिचे दुःख मोजावे लागत नाही. पळसफूल यांच्या पुस्तकात आईला वाईट केले, इथे एलीला दूर ठेवले. परिणाम जवळपास सारखाच.

मराठीत तर हा वाचकवर्गच मधल्या मध्ये हरवतो. 'किशोर' मासिक १९७१पासून निघते आणि त्याने पिढ्या घडवल्या, पण ते वय सरले की मूल एकदम मोठ्यांच्या कपाटापाशी येऊन उभे राहते. मधली पायरी आपण इंग्रजीवर सोडून दिली आहे. त्यामुळे आपल्या घरातली गुपिते मुलांना कॅलिफोर्नियातल्या नाहीतर पॅरिसमधल्या मुलांच्या तोंडून ऐकावी लागतात.

दोन_मुलींचा_बाप (मंगळवार, रात्री ९.३०)

पळसफूल बेटा, तुझा प्रतिसाद मी आणि मुलींच्या आईने दोघांनी वाचला. तू ज्या कोपऱ्यावर थांबून राहिलीस त्याचा विचार दिवसभर मनातून गेला नाही.

माझे मत पूर्ण बदलले, असे मी म्हणणार नाही, कारण ते खरे होणार नाही. ज्या घरात असे काही घडलेले नाही तिथल्या मुलीला ही पुस्तके कशी पोहोचतात, हा माझा प्रश्न तसाच आहे. तिला तपासून पाहायला घरात उदाहरण नसते. पुस्तकातली बाई तिच्यासाठी अशी पहिलीच बाई असते. मात्र काळजी कशाची करावी, याबद्दल मी चुकलो होतो, हे मान्य करतो. मी पुस्तकात सहानुभूती किती आहे ते पाहत होतो. घरी राहिलेल्या माणसाचे काय केले आहे, ते पाहायला हवे होते.

महालच्या सरांना एक सांगायचे आहे. ययातीची कथा आम्ही ऐकली हे खरे, पण ती सांगणारे आजोबा समोर बसलेले असत आणि मध्येच थांबून विचारता येत असे. रात्री अंथरुणात एकटीने वाचलेल्या कादंबरीला तसे थांबवता येत नाही.

महालचा_वाचक (बुधवार, सकाळी ६.२०)

हे मान्य आहे, आणि हे मला सुचायला हवे होते. सांगणारा समोर असणे हा फार मोठा फरक आहे. पण मग आपले बोट पुस्तकाकडे कशाला हवे? एकटीने वाचावे लागते म्हणून ते जड जाते. लिंबोळीताईंचे मंडळ ही तर नेमकी थांबून विचारण्याची जागा आहे.

काळा_कोट (बुधवार, सकाळी ११.०५)

पालकांना आधी यादी कळवण्याला माझा विरोध नाही, पण एक सावधगिरी हवी. ज्या घरात गुपित आहे त्याच घरातून या पुस्तकाला सर्वांत आधी नकार येईल. ज्या मुलाला ते हवे आहे त्याच्यापर्यंत ते कधीच पोहोचणार नाही. म्हणून परवानगी मागू नये, माहिती द्यावी. दोन्हींत फरक आहे.

लिंबोळी (बुधवार, रात्री ८.४०)

सर्वांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले आहेत. काळा_कोट यांचे म्हणणे मला पटले. महिन्याच्या सुरुवातीला पालकांना पुस्तकाचे नाव आणि त्यातला विषय चार ओळींत कळवीन, परवानगी मागणार नाही. दोन_मुलींचा_बाप, तुम्ही त्या दिवशी सातला येऊन मागे बसलात तरी चालेल, मुलांना पालक बसलेले आवडत नाहीत, पण एखादेवेळी ती सहन करतात.

येत्या रविवारी आदिपर्वातला तो प्रसंग वाचायचे ठरवले आहे. मुलांना एकच काम देणार आहे. राजाने जवळ घेतले नाही म्हणून ती तीन मुले रडत शर्मिष्ठेकडे गेली, तिला त्यांनी काय सांगितले ते लिहायचे. ज्यांना हवे त्यांनी देवयानी त्या रात्री काय बोलली ते लिहावे. नेल्सन यांची कादंबरी त्यानंतर पुन्हा उघडू, आणि या वेळी बापाची पाने मोजू. पहिल्या चर्चेत आम्ही तासभर बोललो आणि त्या बापाचे नाव एकदाही आले नाही, हे मला काल वही चाळताना दिसले. ती चूक लेखिकेची नव्हती. चर्चा मी चालवत होते.

आता त्या मुलाबद्दल. तो का उठून गेला हे मला माहीत नाही आणि मी अंदाज बांधू इच्छित नाही. कदाचित त्याला नुसता कंटाळा आला असेल. पुस्तक त्याच्याकडेच आहे. पळसफूल, तुमच्यावर ओझे टाकायचे नाही, पण विचारते. मी त्याला फोन करावा का? पुस्तक मागण्याच्या निमित्ताने घरी जावे का?

पळसफूल (बुधवार, रात्री १०.१५)

ताई, जाऊ नका आणि फोनही करू नका. मला त्या काळात कोणी 'काही झाले आहे का' असे विचारले असते तर मी नाही म्हटले असते, आणि मग त्या व्यक्तीसमोर पुन्हा जाणे मला अवघड झाले असते. पुस्तक परत मागू नका. तो ते वाचत असेल.

लिंबोळी (गुरुवार, सकाळी ७.०५)

बरे. मंडळाच्या वहीत त्याच्या नावापुढची मुदत जूनअखेरपर्यंत वाढवली आहे.